बोच्चीसारखी गिटार वाजवायचीय? ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सुरुवात अशी करा

‘बोच्ची द रॉक!’ ही जपानी ॲनिमेशन सिरीज बघून झाली की गिटार घ्यावीशी वाटते, आणि वाटली तर ती इच्छा अजिबात दाबू नका, कारण हितोरी गोतो म्हणजे आपली बोच्ची हे कॅरेक्टर बनलंच रियाजातून आहे. गुलाबी ट्रॅकसूट, मान खाली, शाळेत बोलायला कोणी नाही, पण घरी बिछाने ठेवायच्या कपाटात बसून रोज सहा सहा तास गिटार, आणि ‘गिटारहीरो’ नावाने व्हिडिओ. अकी हामाजी यांची मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, २०१७ च्या शेवटी सुरू झाली आणि क्लोव्हरवर्क्स स्टुडिओचा ॲनिमे २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आला, फक्त १२ एपिसोड. मला ती इतकी आवडते याचं कारण म्हणजे तिचा बुजरेपणा शेवटपर्यंत जात नाही, कोणी जादू करून तिला बडबडी बनवत नाही, ती आहे तशीच राहते आणि तरी स्टेजवर उभी राहून वाजवते. म्हणून तिच्याकडून शिकायचं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या, एकटीने वाजवणं आणि तिच्या चार मुलींच्या बँडसारखं चौघींत वाजवणं, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

गिटार हातात घ्यायच्या आधी सिरीज एकदा हेडफोन लावून परत बघा, यावेळी कानांनी. पहिल्या एपिसोडमध्ये बोच्ची आंब्याच्या खोक्यात बसून वाजवते (आपल्याकडे हापूसची पेटी घरोघरी असते, त्यामुळे तो सीन आपल्याला जरा जास्तच जवळचा वाटतो) आणि वाईट वाजवते, इतका रियाज असूनही. का, तर तिने आजवर फक्त गाण्याच्या रेकॉर्डिंगवर वाजवलंय, जिवंत माणसाबरोबर नाही, समोरचीकडे बघायचंच नाही म्हटल्यावर ताल कसा जुळणार. मग आठवा एपिसोड, बाहेर वादळ, त्या चौघी वाजवतात त्या स्टारी नावाच्या क्लबमध्ये मोजकी माणसं, पहिलं गाणं सगळ्यांचंच डळमळतं, आणि दुसऱ्या गाण्याआधीच्या शांततेत बोच्ची कोणालाही न विचारता एकटीच सुटते. तो सोलो चालू असताना बाकी तिघींचे चेहरे बघा, आणि पुढच्या गाण्यात ड्रम आणि बास कसे ताठ होतात ते ऐका. दोन गिटार वेगवेगळ्या ओळखायची सवय इथेच लावून घ्या, बँडमध्ये गाणाऱ्या किताची कॉर्ड (तीन-चार स्वर एकदम) धरून चालणारी आणि बोच्चीची वरून फिरणारी.

आता खरेदी. किताने काय केलं आठवतंय ना, सहा तारा दिसल्या म्हणून गिटार समजून घेतली आणि ती निघाली बास, म्हणजे खालच्या जाड स्वरांचं वेगळंच वाद्य. म्हणून पहिल्या खरेदीला वाजवणारं कोणीतरी बरोबर न्या. बोच्चीच्या पाठीवर सुरुवातीला असते ती वडलांची काळी लेस पॉल कस्टम, दिसायला झकास पण वजनाला जड आणि खिशालाही, नवशिक्यांनी तिच्या मागे लागू नये. शेवटच्या एपिसोडमध्ये ती स्वतःच्या पैशांनी यामाहा पॅसिफिका घेते, सहाशे अकरा नंबरचं मॉडेल, आणि आपल्यासाठी आनंदाची गोष्ट ही की त्याच घराण्यातली ०१२ आणि ११२ ही मॉडेल्स सुरुवातीला एकदम योग्य आहेत. ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून चालत धोबी तलाव, तिकडे वाद्यांची दुकानं आहेत, निवांत हातात घेऊन बघता येतं. दुकानात लाजू नका, बोच्चीलाही दुकानात घाम फुटतोच. प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) वरपर्यंत एकेक स्वर वाजवा, कुठे झणझण आवाज येतो का बघा. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं बोट लावून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर एकच आहे का ते ट्यूनरवर तपासा, फरक असेल तर सेटिंग करून मागा. येताना गर्दीच्या वेळी लोकलमध्ये गिटार घेऊन चढू नका, दुपारीच निघा.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल नाहीतर नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, शेजारी दोन्हीकडे असतात, त्यामुळे मोठा ॲम्प आत्ता नको. गिटारच्या जॅकमध्ये घुसणारा छोटा हेडफोन ॲम्प मिळतो, तेच आपलं कपाट. आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा तारांना खाते, हाताचा घाम वेगळा, म्हणून वाजवून झालं की जुन्या सुती कपड्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनसुद्धा पुसायची, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायच्या. ओल आलेल्या भिंतीला गिटार टेकवून ठेवणं तर अजिबात नाही.

आता बोच्चीच्या वाजवण्यातली अशी एक गोष्ट शिका जी आली की लगेच तसा आवाज यायला लागतो, ती म्हणजे ऑक्टेव्ह, एकच स्वर दोन सप्तकांत एकदम. तारा सर्वांत पातळ तारेपासून मोजायच्या, ती पहिली. पहिलं बोट पाचव्या तारेवर, समजा तिसऱ्या फ्रेटवर, आणि तिसरं बोट तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर, म्हणजे दोन फ्रेट पुढे. मधली चौथी तार वाजता कामा नये, तिला पहिल्या बोटाचा आतला भाग जरासा टेकवून गप्प करायचं, बोटाचं टोक वरच्या जाड सहाव्या तारेला टेकवून तिलाही गप्प करायचं, आणि त्याच बोटाचा उरलेला भाग खालच्या पातळ तारांवर हलकेच आडवा पडू द्यायचा म्हणजे त्याही मुक्या. मग उजव्या हाताने बिनधास्त सगळ्या तारांवरून फटका मारा, वाजतील फक्त दोनच. सुरुवातीला मधली तार कुरकुरते, तेव्हा बोट जोरात दाबू नका, बोट जरा आडवं करा, त्याचा आतला मऊ भाग तिला लागला पाहिजे. हा आकार तसाच धरून हात मानेवर पुढे मागे सरकवला की जपानी गिटार रॉकमधली ती ओरडणारी, जरा रडवेली धून निघते. मला स्वतःला बोच्चीचा आवाज म्हणजे हाच वाटतो.

वेगाच्या मागे लागू नका. यूट्यूबवर गाणं ०.७५ वर लावा, जमत नसेल तर ०.५, दोन ओळी घ्या, मेट्रोनोमच्या ठरावीक वेगाच्या टकटकीवर बसवा, मग वाढवा. बँडची बास वाजवणारी र्यो गाते ते ‘काराकारा’ लगेच घेऊ नका, त्याची मात्रांची मांडणी आडवीतिडवी आहे, चार मोजत बसलात की फसता. आणि फोनवर रेकॉर्ड करा, कुठे टाकायची गरज नाही पण रेकॉर्ड कराच, कारण वाजवताना जे कळत नाही ते ऐकताना लगेच कळतं, गिटारहीरोचे व्हिडिओ म्हणजे तिचा आरसाच होता.

बाराव्या एपिसोडवर जरा थांबायलाच पाहिजे. शाळेच्या फेस्टिव्हलमध्ये पहिली तार तुटते, दुसरीची खुंटी दगा देते, आणि सोलो तोंडावर. किता न सांगता पुढे येऊन तिच्यासाठी जागा भरून काढते, आणि बोच्ची स्टेजवरचा साकेचा (जपानी तांदळाच्या दारूचा) रिकामा ग्लास उचलून तारांवर घासत सोलो वाजवते. नुसती करामत नाही ही. काच फ्रेटवर दाबायची नसते, नुसती टेकवून सरकवायची असते, त्यामुळे स्वर फ्रेटने ठरत नाही, काच कुठे आहे त्यावर ठरतो, म्हणजे तार उतरलेली असली तरी कानाने ऐकत काच थोडी वर सरकवली की स्वर जागेवर येतो. ट्यूनिंग बिघडलेल्या गिटारवर हाच उपाय चालू शकतो, आणि तो तिला त्या क्षणी सुचतो कारण वर्षानुवर्षं, रात्रंदिवस हात तारांवर फिरलेला आहे. घरी करून बघा, उभ्या रेघांचा कटिंगचा ग्लास नको, गुळगुळीत छोटा ग्लास घ्या, फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरा, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही. तार तुटायचा रियाजही करा, अगदी खरंच सांगते. पहिल्या तारेवरचा कुठलाही स्वर दुसऱ्या तारेवर पाच फ्रेट पुढे मिळतो, आणि तिसऱ्या तारेवर नऊ फ्रेट पुढे. आपली आवडती ओळ पहिली तार नाहीच असं समजून वाजवा. बॅगेत एक जास्तीची पहिली तार आणि छोटी पकड कायम ठेवा.

एवढं झालं की घराबाहेर पडा. कॉलेजातला मित्र, सोसायटीत ड्रम शिकणारा कोणी, जो मिळेल तो, आणि तासावर मिळणारी जॅम रूम, म्हणजे बँडच्या रियाजाची खोली, घ्या. तिथे पहिला नियम, स्वतःच्या फ्रेटबोर्डकडे बघत बसायचं नाही. भजनात टाळ वाजवणारा कसा पखवाजवाल्याकडे नजर ठेवून असतो, तसं ड्रमरच्या हाताकडे बघायचं, बास ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका आणि आपला फटका एकत्र पडतोय का एवढंच ऐकायचं. आवाज कमी ठेवा, गायकाचे शब्द ऐकू आले पाहिजेत. डोळ्याला डोळा द्यायला जमत नसेल तर ड्रमरच्या खांद्याकडे बघा, चालतं.

पहिल्या गाण्यासाठी माझी निवड पक्की आहे, बाराव्या एपिसोडच्या शेवटी वाजतं ते ‘कोरोगारु इवा, किमि नि आसा गा फुरु’. मूळ गाणं एशियन कुंग-फू जनरेशन या जपानी रॉक बँडचं, २००८ चं, आणि गोतो, किता, यामादा, इजिची ही चौघींची आडनावंही त्याच बँडच्या चार मेंबरांची आहेत. ॲनिमेत हे एकच गाणं बोच्ची गाते, म्हणजे तिचा आवाज देणाऱ्या योशिनो आओयामा. चाल मध्यम आहे, धावपळ नाही, एक गिटार कॉर्ड धरेल आणि दुसरी ऑक्टेव्ह, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा आहे. आधी गाणाऱ्याशिवाय नुसतं वाजवून घ्या, मग कोरसच्या आधीचा तो एक ठोका सगळ्यांनी एकदम थांबून एकदम आत यायचा भाग वेगळा काढून चार-पाचदा करा, आणि जमायला लागलं की निघतानाच पुढच्या रविवारची वेळ बुक करून टाका, रविवारच्या वेळा लवकर भरतात.