दम आणि ठसका: श्वसनसंस्थेबाबतच्या या चुका टाळा

कोणाला धाप लागली किंवा जेवताना लहान मुलाला ठसका लागला की घरातले सगळे मदतीला धावतात. त्यांच्या मायेत काही कमी नसते. परंतु श्वास छातीत कसा शिरतो, कोठे अडतो आणि बाहेर कसा पडतो याचे मनातले चित्र चुकीचे असेल, तर नेमका उलटा उपाय हातून घडतो. सूतगिरण्या, यंत्रमाग आणि विडी उद्योग यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या सोलापुरात खोकला आणि दम नवे नाहीत, म्हणून नेहमी दिसणाऱ्या काही चुका त्यांच्यामागच्या शरीररचनेसह येथे मांडत आहे.

धाप लागलेल्याला “जोरात श्वास घे” असे सांगणे

फुफ्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्यांमधील स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि लोहाराचा भाता उघडावा तशी हवा आत येते. स्वस्थ बसलेल्या माणसाला श्वास सोडण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, कारण स्नायू सैल होताच ताणलेली फुफ्फुसे पूर्ववत होतात आणि हवा बाहेर पडते.

दम्यामध्ये बिघडते ते प्रामुख्याने हे दुसरे काम. फुफ्फुसांतल्या बारीक नळ्यांच्या, म्हणजे श्वसनिकांच्या, भिंतींमधील स्नायू आवळले जातात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना या नळ्या आणखी अरुंद होत असल्यामुळे हवा आतच कोंडते. अशा माणसाला जोरात श्वास घ्यायला लावणे म्हणजे आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायला सांगणे होय. त्याऐवजी नाकाने शांतपणे श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून, घेतलेल्या वेळेच्या दुप्पट वेळात तो सोडायला सांगावे. त्याला आडवे झोपवू नये, कारण पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. बसते करून, किंचित पुढे झुकवून कोपरे गुडघ्यांवर टेकवू द्यावेत.

भराभर आणि उथळ श्वास घेतल्याने हवा पुरेशी मिळते, हा समजही हिशेबाला टिकत नाही. मोठ्या माणसाच्या एका साध्या श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत जाते, पण त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा आणि श्वसनमार्गाच्या नळ्यांतच राहते, जेथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला 12 श्वास घेतले, तर वायुकोशांपर्यंत, म्हणजे ही देवाणघेवाण जेथे होते त्या फुफ्फुसांतल्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, 4,200 मिलिलिटर हवा पोहोचते. तीच एकूण 6 लिटर हवा 250 मिलिलिटरच्या 24 उथळ श्वासांत घेतली, तर तेथे अवघी 2,400 मिलिलिटर पोहोचते. श्वास मोजताना संख्येबरोबर खोलीही पाहावी लागते ती यामुळे.

ठसका लागलेल्या मुलाच्या घशात बोट घालणे

अन्न आणि हवा यांची वाट घशापर्यंत एकच असते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे पातळ झाकण खाली येते आणि घास अन्ननलिकेकडे वळतो. त्याच क्षणी मूल हसले, रडले किंवा धावले, तर दाणा श्वासनलिकेत उतरू शकतो. पुढे श्वासनलिका दुभंगते, तेव्हा उजव्या फुफ्फुसाकडे जाणारी नळी, म्हणजे उजवी श्वसनी, डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ असल्यामुळे मोठ्या माणसात आणि चालत्या-फिरत्या मुलात असा दाणा बहुतेकदा उजव्या बाजूला जाऊन अडकतो. आपल्याकडे शेंगा चटणी आणि शेंगाची पोळी रोजच्या जेवणात असते. त्या बारीक कुटलेल्या असल्या तरी भाजलेले अख्खे दाणेही मुलांच्या हाती सहज पडतात. पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा देऊच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मूल आवाज करत खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला हाच तेव्हाचा सर्वांत चांगला उपाय असतो. पाणी पाजणे, केळे भरवणे किंवा न पाहता घशात बोट फिरवणे यामुळे दाणा आणखी आत जातो. आवाजच फुटेनासा झाला, ओठ निळसर पडू लागले, तर मात्र एका वर्षावरील मुलाला पुढे झुकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच वेळा जोरात थोपटावे; तेवढ्याने वाट मोकळी झाली नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच धक्के द्यावेत, आणि हे आलटून पालटून चालू ठेवावे. वर्षाच्या आतील बाळाच्या पोटावर कधीही दाब देऊ नये. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा आणि नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. दुसऱ्या कोणीतरी तोपर्यंत 108 ला फोन लावावा. मूल शांत झाले म्हणून विषय संपला असे समजणे ही याच्यानंतरची चूक आहे: शेंगदाणा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे खोकला किंवा एका बाजूची घरघर उरली, तर डॉक्टरांना दाण्याची घटना आवर्जून सांगावी.

पंपाची भीती आणि पंपाची पद्धत

दम्याचे औषध श्वासातून देणाऱ्या पंपाची (इनहेलरची) “सवय लागते” म्हणून गोळीच मागणारे रुग्ण सगळीकडे आढळतात. आवळलेल्या श्वसनिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपाच्या एका झोतात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असते आणि गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस झोतांइतके औषध आधी रक्तात आणि मग फुफ्फुसात जाते, तर पंपाचे औषध थेट श्वसनिकांवर पडते. मात्र पद्धत चुकली की तेही जिभेवर आणि घशातच राहते. झोताचा पंप हलवून घ्यावा, आधी श्वास पूर्ण सोडावा, सावकाश खोल श्वास घेता घेता पंप दाबावा आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. पावडरच्या कॅप्सूलचे उपकरण याच्या उलट असते: त्यातून जोरात आणि खोल ओढावे लागते. श्वसनिकांची सूज कमी ठेवणारा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकून द्यावी, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही. बरे वाटले म्हणून हा रोजचा पंप परस्पर बंद करू नये.

धूळ सवयीची झाली, म्हणून ती बाधत नाही असे मानणे

नाक हवेला गरम व ओलसर करते आणि मोठे कण अडवते. श्वासनलिकेतील सूक्ष्म तंतू कफासह उरलेली धूळ वर ढकलत राहतात. वायुकोशांची भिंत मात्र इतकी पातळ असते की, तेथे पोहोचलेल्या बारीक कणांपुढे फारसा अडसर उरत नाही. अशा कोट्यवधी वायुकोशांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 70 चौरस मीटर भरते.

सूतगिरणीत पिंजणीच्या खात्यात कच्च्या कापसाची धूळ सर्वाधिक असते आणि यंत्रमागावर ती कमी असली तरी असतेच. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे आणि आठवडा सरता सरता बरे वाटणे, ही कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची खूण आहे. “सुट्टीत आराम झाला, म्हणून अंग जड झाले” असे म्हणून ती सोडून दिली जाते. वेळीच धूळ टळली तर हा त्रास मागे फिरू शकतो, वर्षानुवर्षे चालू राहिला तर कायमचा होतो. तोंडाला बांधलेला टॉवेल मोठे तूस अडवतो, बारीक धूळ नाही. त्यासाठी नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो. जमीन कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी. विड्या घरी वळल्या जातात तेथे तंबाखू निवडण्याचे काम मुले झोपतात त्या खोलीत करू नये.

“हा धुळीचा खोकला आहे” या वाक्याने सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत क्षयरोगाचे निदानही लांबत असावे, याची मला काळजी वाटते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला कोणत्याही धंद्यातल्या माणसाचा असो, त्याची थुंकी तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात.