रशियन-ग्रीक मजकुराची केस (कॅपिटल-स्मॉल) बदलताना या चुका टाळा

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही. त्यामुळे रशियन किंवा ग्रीक मजकूर हाताळायची वेळ आली की आपण इंग्रजीची सवय तिकडे नेतो: सगळं सिलेक्ट करायचं, केस बदलायची, सेव्ह करायचं. फाइल नीट उघडते, अक्षरंही दिसतात. चूक कळते ती भाषा वाचणाऱ्यालाच.

सगळ्यात जास्त घोळ रशियनच्या 'यो'चा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधायच्या नमुन्यात) 'ए ते झेड'च्या धर्तीवर 'आ' ते 'या' अशी रेंज देतात. रशियनची अक्षरं ३३, रेंजमध्ये येतात ३२. डोक्यावर दोन टिंबं असलेलं 'यो' युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत) रांगेबाहेर आहे, ते सुटतं. स्वतःची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिणारे तर स्मॉल अक्षराच्या क्रमांकातून ३२ वजा करून कॅपिटल काढतात. बाकीच्यांना ते चालतं, पण यो आणि त्याच्या कॅपिटलमध्ये अंतर आहे ८० चं. ३२ वजा केले की हाती येतो स्मॉल 'ब'! 'योल्का' म्हणजे नववर्षाला सजवतात ते झाड. त्या शब्दाचं पहिलंच अक्षर बदलून जातं. युक्रेनियनमध्ये रेंजबाहेरची अशी चार अक्षरं आहेत.

म्हणून हे काम एडिटरच्या स्वतःच्या कमांडवर सोडा. विम या एडिटरमध्ये मजकूर व्हिज्युअल मोडमध्ये निवडून कॅपिटल यू, ईमॅक्स या एडिटरमध्ये शब्दाच्या सुरुवातीला मेटा-यू (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट-यू). लिनक्सवरच्या 'टीआर' या अक्षरं बदलणाऱ्या कमांडच्या मागे मात्र लागू नका. जीएनयूचा टीआर एकेक बाइट बघतो आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत) रशियन अक्षर दोन बाइटचं असतं; मजकूर जसाच्या तसा परत येतो.

ग्रीकमध्ये प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त गंभीर. संपूर्ण शब्द कॅपिटलमध्ये लिहिताना ग्रीक लोक स्वरावरची आघाताची खूण गाळतात. बरेच एडिटर ती तशीच ठेवतात आणि शीर्षक विचित्र दिसतं. पण सरसकट खुणा पुसूनही भागत नाही: 'किंवा' या अर्थाचा एकाक्षरी 'ई' कॅपिटलमध्येही खूण ठेवतो, नाहीतर तो स्त्रीलिंगी उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) म्हणून वाचला जाईल.

उलटा प्रवास त्याहून अवघड. 'ओडिसेआस' या नावात तीन सिग्मा आहेत. स्मॉलमध्ये शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळ्या आकाराचा, कॅपिटलमध्ये तिन्ही सारखे. अक्षरापुरतंच बघणारा एडिटर परत स्मॉल करताना शेवटीही मधलाच सिग्मा बसवतो. आघाताची खूण तर गेलेलीच असते. ती कोणत्या स्वरावर होती हे फाइलमध्ये कुठेच उरत नाही. ग्रीक फाइलची मूळ प्रत वेगळी ठेवल्याशिवाय केसला हात लावू नका.

रशियन मजकूर स्मॉल केल्यावर 'मास्क्वा'मध्ये (मॉस्कोचं रशियन नाव) मधेच इंग्रजी स्मॉल बी दिसला, तर एडिटरला दोष देऊ नका. कोणीतरी रशियन 'व'ऐवजी हुबेहूब तसाच दिसणारा इंग्रजी बी टाइप केलेला असतो. विममध्ये कर्सर त्यावर ठेवून 'जीए' दाबा, अक्षराचा क्रमांक दिसेल. रशियन कॅपिटल 'व'चा हेक्स क्रमांक ०४१२, इंग्रजी बीचा ४२.

जॉर्जियनची कॅपिटल अक्षरं युनिकोडमध्ये २०१८ साली आली. जुन्या फॉन्टमध्ये त्यांच्या जागी चौकोन दिसतात. शिवाय जॉर्जियन वाक्याची सुरुवात कॅपिटलने होत नाही, त्यामुळे तिथे टायटल केस (शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) वापरूच नका.