टॅबवर दरपत्रक: मॅक्रोची अडचण अशी सुटली

सोलापुरात आमचा चादरी-टॉवेलचा घाऊक धंदा. पुण्याच्या फेऱ्या हुतात्मा एक्सप्रेसने. लॅपटॉपचं ओझं खांद्याला सोसेना, म्हणून कीबोर्डसह अँड्रॉइड टॅब घेतला. पहिल्याच फेरीत, कुर्डुवाडी सुटल्यावर, एक्सेलमधलं दरपत्रक उघडलं. आकडे दिसत होते, बदलतही होते, पण हिशोबाचं बटण दाबून काहीच होईना. कारण सरळ आहे: ते बटण मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामवर चालायचं, आणि मोबाइल-टॅबच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत.

घरी येऊन मॅक्रो काढलाच. मालाचे कोड आणि दर वेगळ्या शीटवर घेतले, दर व्हीलूकअपने, म्हणजे कोड शोधून त्याच्यासमोरचा दर आणणाऱ्या सूत्राने, आणले. या सूत्रात शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. नाहीतर कोड तंतोतंत जुळला नाही तरी भलताच दर येतो, आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मागे घेणं मला तरी जमत नाही.

दुसरी अडचण रेंजची. आता निघायच्या आदल्या रात्री गूगल ड्राइव्हमधली फाइल ‘ऑफलाइन’, म्हणजे इंटरनेटशिवाय उघडेल अशी, करून ठेवतो आणि विमान मोड लावून एकदा उघडून पाहतो. ही तपासणी फार महत्त्वाची.

जुनं टॅली मात्र अजून दुकानातल्या कॉम्प्युटरवरच.