गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या पैलवानाला हौद्यात परत कसे आणावे

लढत करताना पाय जागेवर रुतून राहतो, अंग मात्र वळते, गुडघ्यातून 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजतो, तेव्हा आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता मोठी असते. कोल्हापूरच्या तालमीत अशा वेळी पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो. तो आधी थांबवावा. ताज्या दुखापतीवर मालिश करू नये, गरम शेक देऊ नये आणि पाय ओढून 'बसवण्याचा' प्रयत्न तर मुळीच करू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उंचावर ठेवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी व एमआरआय करून घ्यावा.

पुन्हा कुस्ती खेळायची असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. ती सहसा तातडीची नसते. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला की ती केलेली बरी, आणि तोवरच्या काळात मांडीची ताकद टिकवणारे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू ठेवावेत. खर्चासाठी तालमीत वर्गणी काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे विचारावे. वर्गणी काढायचीच झाली, तर त्यातला काही भाग फिजिओथेरपीसाठी बाजूला ठेवावा, कारण शस्त्रक्रियेला सगळे धावून येतात आणि पुढच्या महिन्यांचा खर्च घरच्यांवरच पडतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत दोनच गोष्टींकडे लक्ष द्यावे: गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबून धरायची, हा व्यायाम हजार बैठका मारणाऱ्याला पोरखेळ वाटतो, परंतु हाच स्नायू काही दिवसांत डोळ्यांदेखत वाळतो. जखम पूर्ण भरेपर्यंत हौद्यातल्या लाल मातीचा स्पर्श नको. ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खुराकाचा हिशेब येथे बदलतो. मेहनत बंद आणि तूप-बदामाची थंडाई चालू, असे झाले की वाढलेले वजन थेट त्याच गुडघ्यावर येते. दूध, अंडी, डाळी, मटण चालू द्यावे. तूप कमी करावे. तंबाखू आणि सिगारेट दोन्ही सोडावे.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर लागते. दुखणे थांबलेले असते, पैलवान जिना धडाधड उतरतो आणि कट्ट्यावर दूध प्यायला गेला की, ‘‘काय पैलवान, कवा उतरणार हौद्यात?’’ असे जो तो विचारतो. हा प्रश्न प्रेमाचाच असतो, पण घात करतो. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शस्त्रक्रियेत बसवलेला स्नायुबंध अजून पक्का झालेला नसतो, आणि नऊ महिन्यांच्या आत अशा खेळांत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. म्हणून माझ्या मते या काळात तालमीने पैलवानाला रोज तालमीत बोलवावे, पण हौद्यापासून लांब ठेवावे. लहान पोरांच्या लढती बघणे, त्यांचे डाव सुधारणे, जोड ठरवताना वस्तादांच्या शेजारी बसणे, अशी नेमकी जबाबदारी त्याच्याकडे द्यावी. घरी एकटा बसलेला पैलवान एक तर खचतो किंवा चोरून बैठका मारतो. विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने स्ट्रेचरवरून बाहेर गेली होती आणि २०१८ मध्ये तिने राष्ट्रकुल व आशियाई, दोन्ही स्पर्धांत सुवर्ण जिंकले. घाई करणाऱ्या पोराला मधली दोन वर्षे आवर्जून सांगावीत.

परतीचा क्रम असा असावा: आधी सरळ रेषेत धावणे, मग उड्या, मग दिशा बदलणे, त्यानंतर जोडीदाराने विरोध न करता डावांचा सराव आणि शेवटी पूर्ण ताकदीची लढत. ढाकेसारखे अंग फिरवणारे डाव सर्वांत उशिरा घ्यावेत. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाली आहे, हे फिजिओथेरपिस्टने मोजून सांगितल्याशिवाय वस्तादांनी लंगोट चढवू देऊ नये. या बाबतीत वस्तादांचा ‘नाही’ हा डॉक्टरांच्या ‘नाही’पेक्षा जास्त ऐकला जातो.

पहिली कुस्ती जत्रेच्या मोठ्या इनामाची धरू नये. गावच्या मैदानात जोड लावताना यात्रा कमिटीला दुखापतीची स्पष्ट कल्पना द्यावी आणि हलगीच्या कडकडाटात ऐनवेळी जोड बदलली, तर वस्तादांनी पैलवानाला सरळ बाहेर काढावे. मांडीचे व्यायाम त्यानंतरही दोन्ही पायांचे चालू ठेवावेत, कारण एकदा एसीएल तुटलेल्या खेळाडूच्या दुसऱ्या गुडघ्यालाही धोका वाढलेला असतो.