टी-टेस्ट निवडताना आधी झाडं बघा, मग मेनू

टी-टेस्ट म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची पद्धत. समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या 20 काजूच्या झाडांचं गेल्या वर्षीचं आणि यंदाचं उत्पन्न तुमच्याकडे आहे. झाडं तीच, म्हणजे आकडे जोडीजोडीने आलेत. इथे पेअर्ड टी-टेस्ट. सत्तरीची 20 झाडं आणि काणकोणची वेगळी 20 असतील तर इंडिपेंडंट, म्हणजे दोन स्वतंत्र गटांची टेस्ट. दोन्हीकडे आकडे वीसच, म्हणून पुष्कळ जण डोळे झाकून पेअर्ड निवडतात. तिथेच घोळ होतो.

इंडिपेंडंटमध्ये मी सरळ वेल्चची पद्धत घेतो, कारण दोन्ही गटांतला चढउतार सारखाच आहे असं ती धरून चालत नाही. ‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप मिळते. एक्सेलच्या टी.टेस्टमध्ये शेवटचा आकडा 3 द्यायचा (1 म्हणजे पेअर्ड). एसपीएसएस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर दोन ओळी दाखवतं, त्यातली खालची वाचा. वरची आधी दिसते म्हणून भुलू नका.

आता पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. समजा पेअर्ड टेस्टमध्ये ती 0.12 आली, म्हणजे 0.05 या नेहमीच्या मर्यादेहून जास्त. लगेच ‘फरक नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. शेजारचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा सरासरी फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा अंदाजी पट्टा, बघा. तो उणे 0.2 ते अधिक 1.6 किलो असेल, तर झाडामागे दीड किलोची वाढही शक्य आहे आणि किंचित घटही. वीस झाडांवरून एवढंच कळतं. बागायतदाराला किलोचाच आकडा सांगा, पी ऐकून तो काय करणार?

आणि हो, वन-टेल्ड (फरक एकाच दिशेने तपासायचा) की टू-टेल्ड (वाढ आणि घट दोन्ही तपासायच्या) हे निकाल बघून ठरवायचं नसतं.