फॉल्ट की पॉवर स्विंग? प्रोटेक्शनला नवीन लागलेल्यांसाठी

ट्रान्समिशनच्या टेस्टिंगला नवीन लागलेली पोरं विचारतात सुरुवात कुठून करू, तर माझं म्हणणं एकच, सेटिंगचे तक्ते पाठ करत बसू नका, आधी डीआर (डिस्टर्बन्स रेकॉर्ड, म्हणजे ट्रिपिंगच्या वेळच्या करंट-व्होल्टेजची नोंद) वाचायला शिका.

डिस्टन्स रिले (लाईनवर फॉल्ट दिसला की ती ट्रिप करायला सांगणारा) बघतो काय, तर व्होल्टेज भागिले करंट, म्हणजे इम्पिडन्स, बास. उत्तर लहान आलं की त्याला वाटतं फॉल्ट जवळ आहे. झोन १ साधारण ८०% लाईनपर्यंत आणि लगेच ट्रिप, झोन २, ३ त्याच्या पुढचं बघतात पण थोडं थांबून. आता ग्रिडच डळमळीत असेल, वीज इकडून तिकडे हेलकावे खात असेल (यालाच पॉवर स्विंग म्हणतात), किंवा लाईनवर लोड फार असेल, तर व्होल्टेज पडतं, करंट चढतो आणि लाईनवर काही नसतानाही उत्तर लहान येतं. ३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन अशीच गेली, फॉल्ट वगैरे काही नाही, नुसत्या लोडने झोन ३ मध्ये पिकअप (म्हणजे रिलेला तिथे फॉल्ट वाटला), आणि उत्तरेची ग्रिड झोपली. दुसऱ्या दिवशी परत तेच, तेव्हा पूर्व आणि ईशान्यही गेली. आपली पश्चिम वाचली.

फॉल्ट आणि स्विंगमध्ये फरक असतो वेगाचा. फॉल्टमध्ये इम्पिडन्स सायकलभरात, म्हणजे २० मिलिसेकंदात, उडी मारतो, स्विंगमध्ये तो सरकत सरकत येतो. रिलेत झोनभोवती दोन रेषा आखलेल्या असतात, इम्पिडन्सला बाहेरच्या रेषेपासून आतल्या रेषेपर्यंत यायला लागणारा वेळ रिले मोजतो, जास्त लागला की स्विंग समजून ट्रिप ब्लॉक. डीआरमध्ये तिन्ही फेजचे करंट एकत्र फुगताना दिसतील आणि त्याच वेळी व्होल्टेज आटताना, मग उलटं. एकदा नीट बघितलं की परत चुकत नाही.

खरी गोची पुढे आहे, ब्लॉक लागलेला असताना खराच फॉल्ट आला तर? एका फेजचा असेल तर सोपं, निगेटिव्ह सिक्वेन्स (तिन्ही फेज सारखे नसल्याची खूण) दिसतो आणि रिले अनब्लॉक होतो. पण तिन्ही फेजचा बॅलन्स्ड फॉल्ट स्विंगसारखाच दिसतो (इंटरव्ह्यूला हमखास विचारतात), तिथे बघायचं की सरकणारा इम्पिडन्स अचानक एका जागी बसला का.

कोणी सीनियर म्हणाला झोन ३ बंदच करून टाक, तर मान हलवू नका, बॅकअप जातो, त्यापेक्षा लोड एन्क्रोचमेंटचं सेटिंग (जास्त लोडला रिलेने फॉल्ट समजू नये म्हणून असतं ते) तपासा. जुन्या ट्रिपिंगच्या कॉमट्रेड फाईली (डीआर ज्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये साठवतात त्या) मागून घ्या आणि टेस्ट किटवरून रिलेला प्लेबॅक करून बघा. आणि दोन्ही टोकांचे डीआर जुळवण्याआधी जीपीएस टाइम सिंक बघा, नाहीतर आधी कुठलं टोक ट्रिप झालं यावरच अर्धा दिवस वाद.