स्वतः चालवलेली वर्डप्रेस साइट हॅकर्सपासून कशी वाचवायची

‘आपल्या छोट्या साइटकडे कोण कशाला फिरकेल’ हा समज फार महागात पडतो. साइट फोडायला बहुतेक वेळा माणूस येतच नाही, बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, येतो. त्याला तुमच्या मजकुराशी देणंघेणं नसतं; जुनं, कच्चं प्लगइन (साइटला जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) दिसलं की तो आत शिरतो. २६ जानेवारी २०१७ ला आलेल्या वर्डप्रेस ४.७.२ मध्ये रेस्ट एपीआयमधली (बाहेरचे प्रोग्राम साइटशी जिथून बोलतात ती वाट) एक गंभीर त्रुटी बुजवली होती. ती त्रुटी नेमकी कोणती, हे १ फेब्रुवारीला जाहीर झालं आणि अपडेट न केलेल्या हजारो साइट्सवरचे लेख पुढच्या काही दिवसांत परक्यांनी बदलून टाकले. दुरुस्ती तोवर सगळ्यांच्या हाताशी होती.

म्हणून आधी प्लगइन्सचं पान उघडा आणि प्रत्येकासमोरचं ऑटो-अपडेट सुरू करा. जे वापरत नाही ते नुसतं डीॲक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीटच करा. बंद प्लगइनच्या फायली सर्व्हरवर तशाच पडून असतात आणि त्यातली पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) फाइल थेट पत्ता टाकून उघडता येते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: अधिकृत डिरेक्टरीतून काढून टाकलेल्या प्लगइनला अपडेटची सूचनाच येत नाही, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसतं. महिन्यातून एकदा प्रत्येक प्लगइनचं डिरेक्टरीतलं पान उघडून शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. फुकटात मिळणारी ‘नल्ड’, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून वाटलेली, प्रीमियम थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फायली) तर घेऊच नका. चोरवाट अनेकदा तिच्यातच आयती बसवलेली असते.

लॉगिनसाठी पासवर्ड मॅनेजरने बनवलेला किमान १६ अक्षरांचा पासवर्ड ठेवा आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत मोबाइल ॲपमधला कोडही मागणारी सोय) लावा. दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ आकडी कोड वारंवार नाकारला जात असेल, तर आधी मोबाइलचं घड्याळ ऑटोमॅटिकवर आहे का ते बघा. रिकव्हरी कोड (मोबाइल हाताशी नसताना आत जाण्यासाठीचे) कागदावर लिहून ठेवा. रोजचं लिखाण एडिटर दर्जाच्या (लेख सांभाळता येतात, पण साइटची सेटिंग्ज बदलता येत नाहीत अशा) वेगळ्या खात्यातून करा. वर्डप्रेसचं मोबाइल ॲप किंवा जेटपॅक हे प्लगइन वापरत नसाल तर एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲप्ससाठीचं वर्डप्रेसचं जुनं दार) बंद करा. लॉगिनच्या पानावर लावलेला कॅप्चा त्या दाराला लागू होत नाही.

खरी मेख अपलोड्स फोल्डरमध्ये आहे. फोटो चढवता यावेत म्हणून तिथे लिहायची परवानगी द्यावीच लागते आणि घुसखोर आपली पीएचपी फाइल नेमकी तिथेच टाकतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालण्याचं काहीच कारण नाही. सुकुरी सिक्युरिटी प्लगइनच्या सेटिंग्जमधल्या हार्डनिंगमध्ये ती बंद करण्याची सोय आहे. पण त्यावर विसंबू नका, तपासून बघा. पीएचपीने ‘नमस्कार’ छापणारी एका ओळीची फाइल बनवा, होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून अपलोड्समध्ये टाका आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) आलं तर दार बंद आहे. ‘नमस्कार’ उमटला तर ते सताड उघडं आहे. एनजिनएक्स सर्व्हरवर असं हमखास होतं, कारण प्लगइन ही बंदी एचटीॲक्सेस नावाच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहितं आणि तो ती वाचतच नाही. तिथे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येच नियम लिहावा लागतो. शेअर्ड होस्टिंग असेल तर सपोर्टला सांगा. तपासणी झाली की ती फाइल काढून टाका.

फोल्डरला ७५५, फायलींना ६४४ आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगला (डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल) ६०० परवानगी द्या; कोणी वाचायचं आणि कोणी लिहायचं हे हे आकडे ठरवतात. ६०० ने साइट बंद पडली तर ६४० करून बघा. ‘७७७ कर, चालेल’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; त्याने कोणालाही लिहिता येतं.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर साइटबरोबर तोही जातो, म्हणून तो बाहेर ठेवा. आणि फक्त कालचाच ठेवू नका. घुसखोरी पुष्कळदा उशिरा ध्यानात येते, तोवर ताज्या बॅकअपमध्येही ती शिरलेली असते. कालचा, गेल्या आठवड्याचा आणि दोन-तीन महिन्यांपूर्वीचा असे वेगवेगळ्या तारखांचे बॅकअप हवेत, आणि त्यातला एखादा रिकाम्या जागी रिस्टोअर करून पाहिलेला हवा.

तरीही साइट फुटलीच, तर दिसलेली वाईट फाइल उडवून थांबू नका. दुसरी कुठेतरी लपलेली असते. आधी स्वतःचा कॉम्प्युटर स्कॅन करा आणि होस्टिंगचा पासवर्ड बदला. मग वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन्सच्या फायली काढून मूळ जागेवरून नव्याने टाका. एमयू-प्लगइन्स हे फोल्डर उघडून बघा: त्यातल्या गोष्टी प्लगइन्सच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि आपोआप चालतात. अनोळखी ॲडमिन आणि क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) अनोळखी कामं काढा. डेटाबेसचा पासवर्ड बदला. शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या सिक्रेट कीजच्या (लॉगिन टिकवणाऱ्या गुप्त किल्ल्या) आठही ओळी नव्या करा, म्हणजे आत बसलेला प्रत्येक जण, घुसखोरासकट, लॉगआउट होतो. नुसता पासवर्ड बदलून मागचं दार बंद होत नाही. गूगलने साइटवर धोक्याचा इशारा लावला असेल, तर ही सगळी सफाई उरकल्यावरच सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतून फेरतपासणी मागा.